झोपलेला दुकानदार, जागा दुकानदार : जॉर्ज ऑर्वेलच्या लेखनातील जुन्या वस्तूंची दुकाने

प्रस्तावना

जॉर्ज ऑर्वेल (१९०३-१९५०) मराठी वाचकाला मुख्यत्वे 'ॲनिमल फार्म' (१९४५) आणि 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) या दोन कादंबऱ्यांमुळे परिचित आहे. हुकूमशाहीचा कठोर टीकाकार ही त्याची प्रतिमा इतकी ठसठशीत आहे की, त्याने वृत्तपत्रांसाठी लिहिलेल्या लहानसहान लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते ते बहुधा विरंगुळा म्हणूनच. ५ जानेवारी १९४६ रोजी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात प्रसिद्ध झालेला 'जस्ट जंक - बट हू कुड रेझिस्ट इट?' हा असाच एक लेख होय. लंडनमधील जुन्यापुराण्या वस्तूंची धुळकट दुकाने आणि तेथे उगीचच रेंगाळण्याचा आनंद हा त्याचा विषय. तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये असेच एक दुकान कथानकाच्या मध्यभागी येते आणि नायकाच्या विनाशाला कारण होते. ज्या जागेवर लेखकाचे इतके प्रेम होते तीच जागा त्याने सापळा म्हणून का निवडली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, ऑर्वेलला भूतकाळाची ओढ होती आणि ती ओढ किती दुबळी आहे हे कादंबरीत त्याने स्वतःच मान्य केले. हे उत्तर अपुरे आहे. लेख आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचली असता वेगळेच काही हाती लागते. विन्स्टन स्मिथ फसतो तो जुन्या वस्तूंच्या नादी लागल्यामुळे नव्हे. जुन्या वस्तूंच्या दुकानात कसे वावरावे हे ऑर्वेलला ठाऊक होते आणि विन्स्टनला ठाऊक नव्हते, म्हणून तो फसतो.

शब्दाविषयी थोडेसे

ऑर्वेल ज्याला 'जंक शॉप' म्हणतो त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'भंगार' वजनावर विकले जाते. त्यातील वस्तूला वस्तू म्हणून किंमत नसते. 'अडगळ' घरात असते, दुकानात नसते. शिवाय भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू' (२०१०) या कादंबरीच्या उपशीर्षकात आल्यापासून या शब्दाला मराठी समीक्षेत एक वेगळीच प्रतिष्ठा लाभली आहे. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईच्या मटण स्ट्रीटवरील चोर बाजार ही उदाहरणे ऑर्वेलच्या कल्पनेच्या अधिक जवळची आहेत. परंतु ते बाजार आहेत, तेथे गलबला आहे, विक्रेता हाक मारतो. ऑर्वेलचे दुकान मुके आहे. म्हणून येथे 'जुन्या वस्तूंचे दुकान' असा साधाच शब्दप्रयोग केला आहे.

१९४६ चा लेख : न विकणारा विक्रेता

लेखाचा आरंभच भेद करण्याने होतो. जुन्या वस्तूंचे दुकान आणि पुराणवस्तूंचे दुकान यांची गल्लत करू नये, असे ऑर्वेल बजावतो. पुराणवस्तूंचे दुकान स्वच्छ असते, माल नेटका मांडलेला असतो, किंमत दुप्पट असते आणि एकदा आत पाऊल टाकले की काहीतरी विकत घेतल्याखेरीज सुटका नसते. याउलट जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या काचेवर धुळीचा पातळ थर असतो, आत नासून न जाणारी जगातील कोणतीही वस्तू असू शकते, आणि मालक बहुधा मागच्या लहानशा खोलीत झोपलेला असतो. विक्री करण्याची त्याला मुळीच घाई नसते. अशी दुकाने 'चांगल्या' वस्तीत आढळत नाहीत. ऑर्वेल ग्रिनिच, इझ्लिंग्टन, हॉलोवे, पॅडिंग्टन अशा भागांची नावे देतो आणि त्यांतही कळकट गल्ल्या निवडतो.

या झोपलेल्या मालकाकडे वाचकाचे लक्ष सहसा विनोदापुरतेच जाते. वस्तुतः तो सगळ्या लेखाचा कणा आहे. मालक झोपलेला आहे म्हणून गिऱ्हाईक मोकळे आहे. त्याला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही, तो काय पाहतो आहे हे कोणी पाहत नाही. दुकानातील उत्तम वस्तू पहिल्या नजरेत कधीच दिसत नाही, ती ढिगातून स्वतः शोधावी लागते, कारण ती उत्तम आहे हे मालकालाही ठाऊक नसते. ऑर्वेलने दिलेली त्या ढिगाची यादी मोठी गमतीची आहे : काचा नसलेले चष्मे, बुचे हरवलेल्या सुरया, बंद पडलेल्या कंपन्यांचे टंकलेखक, शहामृगाची अंडी, पेंढा भरलेले पक्षी, किल्ल्यांचे जुडगे, नट-बोल्टांच्या पेट्या, हिंदी महासागरातील शंख. यांत मोल आणि निरुपयोग एकमेकांना खेटून आहेत. कोणी निवड केलेली नाही, आणि निवड न करणे हेच या दुकानाचे स्वातंत्र्य आहे.

दुसरी बाब उपयोगाची. हा लेख महायुद्ध संपून पाच महिनेही झाले नव्हते तेव्हाचा आहे. ब्रिटनमध्ये कपड्यांवर १९४१ मध्ये लागू झालेले रेशनिंग अद्याप चालू होते (ते १९४९ मध्ये उठले), आणि नवे फर्निचर म्हणजे १९४२ पासून सरकारी नमुन्यांनुसार बनणारे काटकसरीचे फर्निचर. अशा काळात सुताराचा रंधा, बुचे काढण्याचा स्क्रू, तांब्याचे पातेले किंवा बाबागाडीचे सुटे चाक मिळण्याचे ठिकाण म्हणजे हीच दुकाने, असे ऑर्वेल नोंदवतो. केंटिश टाउनमध्ये बाँबहल्ल्यानंतर त्याने सहा पेन्सला एक जुनी फ्रेंच संगीन घेतली आणि तिने पुढे चार वर्षे शेगडीतले निखारे सारण्याचे काम केले. शस्त्राची चूल-सांडशी झाली! तसबिरीची चौकट हवी असेल तर स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे एखादे चित्र चौकटीसह विकत घेऊन चित्र फेकून द्यावे, हा त्याचा सल्लाही येथेच येतो. हे वाक्य गमतीचे म्हणून सोडून देता येत नाही. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वॉल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेला निबंध सर्वश्रुत आहे. बेन्यामिनचा संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवून तिला एक प्रकारचे दैवत्व देतो. ऑर्वेलची वृत्ती याच्या नेमकी उलट आहे. त्याला वस्तू सुंदर वाटते तेव्हाही तिच्यापुढे तो हात जोडत नाही; ती तो वापरतो, मोडतो, तिचे अर्धे फेकून देतो. माणसाच्या आत एक वस्तू गोळा करणारा कावळा दडलेला असतो, असे तो म्हणतो. लहान मुले तांब्याचे खिळे आणि सोड्याच्या बाटलीतील गोट्या जमवतात तीच ही प्रेरणा. चॉक फार्म भागातील एका दुकानात गंजलेली हत्यारे आणि शिशाच्या नळ्या यांखेरीज वर्षानुवर्षे काहीच नव्हते. तेथे त्याने कधी काही घेतले नाही, घ्यावेसेही वाटले नाही, तरीही रस्ता ओलांडून एकदा डोकावल्याशिवाय त्याला पुढे जाववत नसे.

हा लेख निर्दोष आहे असे मात्र नाही. हिंदी महासागरातील शंख आणि चिनी बरण्या लंडनच्या गल्लीतील त्या ढिगात कशा आल्या, हा प्रश्न ऑर्वेल विचारत नाही. मोतीहारीला जन्मलेला, १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी राहिलेला, इंग्रजांचे राहणीमान साम्राज्याच्या जिवावर उभे आहे असे १९३७ मध्ये 'द रोड टू विगन पिअर'मध्ये स्पष्टपणे लिहिणारा, आणि १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात वेणू चितळे यांच्यासारख्या मराठी सहकाऱ्यांबरोबर काम केलेला लेखक हे विसरला असेल असे वाटत नाही. या दुकानात शिरताना त्याने ते बाहेर ठेवले, एवढेच म्हणता येईल. शंख येथे केवळ शंख आहे. कोणाच्या किनाऱ्यावरचा, कोणाच्या सामानातून आलेला, याची नोंद नाही. कोणत्याही जुन्या बाजारातील आनंदाला अशा विस्मरणाची एक किनार असते.

चॅरिंग्टनचे दुकान

'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये विन्स्टन या दुकानात प्रथम शिरतो तेव्हा तेथून को­री वही विकत घेतो. दाढीची पाती, बुटांच्या नाड्या यांसारख्या वस्तू पक्षाच्या दुकानांत मिळत नसल्याने सभासद चोरून सामान्यांच्या दुकानांत जातात. तेवढी सूट त्यांना असते. म्हणजे टंचाई येथेही आहे. परंतु विन्स्टन घेतो ती वस्तू टंचाईतील गरजेची नाही. गुळगुळीत, पिवळसर कागदाची ती वही निदान चाळीस वर्षांपूर्वीची आहे, आणि ती घेताना तिचे काय करायचे हे त्याला माहीतही नसते. दुसऱ्या खेपेस तो प्रवाळ जडवलेला काचेचा गोळा घेतो. १९४६ च्या लेखात अशा गोळ्यांचा उल्लेख आहे : त्यांच्या किमती नेहमीच भलत्या असतात, अशी तक्रार ऑर्वेल करतो. कादंबरीत तोच गोळा चार डॉलरला मिळतो, आणि पैसे घेताना म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलतो की, तीन किंवा दोन डॉलरलाही त्याने तो दिला असता हे विन्स्टनच्या ध्यानात येते. जे लंडनमध्ये परवडत नव्हते ते येथे इतके स्वस्त कसे? मागणीच उरलेली नाही, हे म्हाताऱ्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. आमिष नेहमी स्वस्तच असते, हेही तितकेच खरे.

चॅरिंग्टनच्या दुकानाचे वर्णन लेखातील सामानानेच सजलेले आहे. धुळकट चौकटी, नट-बोल्टांचे तबक, मोडक्या पात्यांचे चाकू, बंद घड्याळे, अकीकाचे ब्रोच, तपकिरीच्या डब्या. प्रवाळ हिंदी महासागरातून आले असावे, असेही चॅरिंग्टन सांगतो. म्हणजे लेखातील तो समुद्रही येथे आला आहे. फक्त एक गोष्ट बदलली आहे. मालक झोपलेला नाही.

तो विन्स्टनला फुटपाथवरच ओळखतो. मागे वही घेऊन गेलेले गृहस्थ तुम्हीच, हे त्याच्या जवळपास पहिल्याच बोलण्यात येते. नंतर तो वस्तूची माहिती देतो, तिचे वय सांगतो, वरच्या मजल्यावरची खोली पाहायची असल्यास पाहा म्हणतो, भिंतीवरचे चित्र दाखवतो, विसरलेल्या बालगीताच्या ओळी एकेक करून आठवतो. यात आग्रह कोठेही नाही. उलट त्याचा संकोच, जाड भिंगांचा चष्मा, मखमली कोट यांमुळे एखाद्या निवृत्त विद्वानाशी बोलल्यासारखे वाटते. परंतु लेखातील निकष लावले तर हे दुकान उघडे पडते. जो मालक गिऱ्हाईक लक्षात ठेवतो, वस्तूचा इतिहास जाणतो आणि एका वस्तूकडून दुसरीकडे हळूच नेतो, तो पुराणवस्तूंचा व्यापारी आहे. चॅरिंग्टनचे दुकान म्हणजे धूळ फासलेले पुराणवस्तूंचे दुकान. १९४६ चा ऑर्वेल तेथे गेला असता तर त्याला संशय आला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; पण ज्या खुणेवरून संशय यावा ती खूण त्याने आपल्या लेखात अगोदरच नोंदवून ठेवली आहे.

विन्स्टनची चूक

काचगोळ्याच्या प्रतीकार्थाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही खोली म्हणजे काच आणि आतील प्रवाळ म्हणजे ज्युलियाचे व विन्स्टनचे आयुष्य, हा अर्थ समीक्षेत वारंवार येतो. मात्र हा अर्थ कादंबरीत विन्स्टन स्वतःच लावतो, याकडे दुर्लक्ष होते. समीक्षक त्याचेच वाचन त्याच्या बाजूने पुन्हा सांगतात. विन्स्टनच्या मते हा गोळा म्हणजे बदलायचा राहून गेलेला इतिहासाचा तुकडा, वाचता आला तर शंभर वर्षांपूर्वीचा निरोप. तो सत्य मंत्रालयात जुनी वृत्तपत्रे बदलण्याचे काम करतो, तेव्हा कागदावरचा त्याचा विश्वास उडालेला असणे स्वाभाविक आहे. कागद खोटा करता येतो, काच करता येत नाही. पण काच बोलतही नाही. निरोप वाचता येत नाही ही त्या वाक्यातील अट विन्स्टन लवकरच विसरतो.

याच संध्याकाळी, दुकानात येण्यापूर्वी, तो दारूच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्याला क्रांतीपूर्वीच्या दिवसांविषयी खोदून खोदून विचारतो. म्हाताऱ्याला आठवतात त्या फुटकळ गोष्टी : भाड्याने घेतलेली उंच टोपी, कोणाशी तरी झालेली धक्काबुक्की. विन्स्टन निराश होतो. त्या स्मृतीची तुलना तो मनातल्या मनात कचऱ्याच्या ढिगाशी करतो. कादंबरीतील सर्वांत मोठा उपरोध येथे आहे. तो म्हातारा हेच त्या गल्लीतले खरे जुन्या वस्तूंचे दुकान होते. तेथे निवड केलेली नव्हती, मोल लावलेले नव्हते, काही विकायची घाई नव्हती. ढिगात हात घालून शोधण्याचा धीर विन्स्टनला नव्हता. त्याला मांडून ठेवलेला, नेटका, पारदर्शक भूतकाळ हवा होता. तो त्याला पुढच्याच दारात मिळाला.

चित्राची गोष्ट याहून बोलकी आहे. वरच्या खोलीत सेंट क्लेमेंट्स चर्चचे एक चौकटीतले चित्र भिंतीला पक्के बसवलेले आहे. हवे असल्यास स्क्रू काढून देईन, असे चॅरिंग्टन म्हणतो. (हे धाडस की गिऱ्हाइकाची पारख, याचा निर्णय कादंबरी वाचकावर सोडते.) चौकटीतून काढल्याशिवाय ते घरी नेणे अशक्य, असा विचार करून विन्स्टन ते घेत नाही. त्या चित्रामागेच पाळत ठेवणारा दूरपट आहे. चित्र फेकून चौकट ठेवावी, हा १९४६ चा गमतीदार सल्ला येथे जिवाचा सल्ला ठरला असता! ज्युलिया त्या सल्ल्याच्या सर्वांत जवळ येते. चित्रामागे ढेकूण असतील, एक दिवस उतरवून स्वच्छ करायला हवे, असे ती सहज बोलून जाते. तिला भूतकाळात रस नाही, काचगोळ्याचेही तिला विशेष काही वाटत नाही. म्हणूनच ती वस्तूला हात लावायला तयार आहे. अनेक अभ्यासकांनी ज्युलियाला उथळ ठरवले आहे. या एका वाक्यापुरते तरी त्या निवाड्याचा फेरविचार व्हायला हवा.

दुकानात काम करणाऱ्याची नजर

ऑर्वेलला ही बाजू आतून माहीत होती. १९३४ च्या अखेरीपासून १९३६ च्या आरंभापर्यंत तो हॅम्पस्टेडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम करीत होता. 'बुकशॉप मेमरीज' (१९३६) या लेखात तो कबूल करतो की, त्या नोकरीने त्याचे पुस्तकांवरचे प्रेम आटले. गिऱ्हाइकाशी खोटे बोलावे लागते, आणि ज्याविषयी खोटे बोलावे लागते ती वस्तू नकोशी होते, हे त्याचे निदान. लिलावात शिलिंगभर पैशात गठ्ठा उचलण्याचा पूर्वीचा आनंद गेला. जुन्या कागदाचा गोड वास मेलेल्या माश्यांशी जोडला गेला. चॅरिंग्टनचे बीज या लेखात शोधणे गैर ठरू नये. गल्ल्यामागे जो जागा असतो त्याला वस्तू दिसत नाही, गिऱ्हाईक दिसते.

योगायोग असा की, १९४६ चा लेख आणि १९४९ ची कादंबरी यांच्या दरम्यानच, १९४७ मध्ये, ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुष्काळ-निवारण समितीने (आजची 'ऑक्सफॅम') आपले देणगीच्या वस्तूंचे दुकान काढले. पुढे ब्रिटनच्या प्रत्येक गावात धर्मादाय संस्थांची अशी दुकाने झाली आणि जुन्या वस्तूंची शिकार करणाऱ्यांचा मुक्काम तेथे हलला. त्यांचे सामाजिक मोल वादातीत आहे. परंतु तेथे देणगी वर्गवार लावली जाते, पारखली जाते, तिच्यावर किंमत चिकटवली जाते. संस्थेला चार पैसे अधिक मिळावेत म्हणून ते योग्यही आहे. ऑर्वेलच्या अर्थाने तेथे कोणी झोपलेले नसते. ढिगात न ओळखलेले रत्न सापडण्याची शक्यता जितकी घटते तितके ते दुकान पुराणवस्तूंच्या दुकानाकडे सरकते, आणि हा बदल चांगल्या हेतूने होतो म्हणून तो कमी होत नाही.

फुटलेली काच

अटकेच्या प्रसंगी एक पोलिस काचगोळा उचलून शेगडीच्या दगडावर आपटतो. प्रवाळाचा तुकडा, केकवरच्या साखरेच्या कळीसारखा, चटईवरून घरंगळत जातो. किती लहान होते ते, असे विन्स्टनच्या मनात येते. काचेमुळे ते मोठे दिसत होते. नंतर चॅरिंग्टन आत येतो. चष्मा नाही, केस काळे, वय उतरलेले. ते तुकडे उचला, असा तो हुकूम सोडतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात फुटके तुकडे फळीवर वर्षानुवर्षे राहतात; हा मालक जमीन झाडून घेतो.

कादंबरीच्या शेवटाकडे आणखी एक जुनी वस्तू येते आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. चेस्टनट ट्री कॅफेत बसलेल्या विन्स्टनला लहानपणची एक पावसाळी दुपार आठवते. आईने कोठून तरी सापशिडीचा खेळ विकत आणला होता. पट चिरलेला होता आणि लाकडी फासे इतके ओबडधोबड की, ते धड एका बाजूवर बसत नसत. मराठी वाचकाला येथे ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला जाणारा मोक्षपट आठवल्यावाचून राहणार नाही. हा खेळही मुळात हिंदुस्थानातून इंग्लंडात गेलेला. तो चिरलेला पट कोणत्याही दुकानात दोन पैशांनाही गेला नसता. त्या दुपारी आई, तो आणि धाकटी बहीण हसली होती. विन्स्टन ही आठवण खोटी ठरवून बाजूला सारतो आणि समोरच्या बुद्धिबळाच्या पटाकडे वळतो.